शिकणाऱ्याचं ताट



तरुणांच्या आहाराचा आणि राहणीचा विषय निघाला की सभागृहात एक ठरावीक सूर लागतो. हल्लीची मुलं वडापाव खातात, रात्र रात्र मोबाइल बघतात, सकाळी उठत नाहीत, आमच्या वेळी असं नव्हतं. मला तो सूर लावायचा नाही. माझा दवाखाना पुण्यात पेठांच्या भागात आहे. तिथे येणारे बरेचसे रुग्ण विशीतले असतात. एमपीएससी, यूपीएससी, बँकेच्या परीक्षा, पोलीस भरती यांच्या तयारीसाठी परभणी, बीड, जत, चोपडा, किनवट अशा ठिकाणांहून आलेली ही मुलं. पहाटे अभ्यासिकेत जागा धरतात आणि रात्री अकराला खुर्ची सोडतात. त्यांना आळशी म्हणण्याची माझी तरी हिंमत होत नाही. तुमच्यापैकी कित्येकांचा मुलगा किंवा मुलगी या घडीला सदाशिव पेठेत, नाहीतर नवी पेठेत एखाद्या कॉट बेसिसच्या खोलीत राहत असेल. ती काय खातात, कधी झोपतात आणि त्याचं त्यांच्या शरीरात काय होतं, हे मी आज सांगणार आहे. शिकण्यासाठी घर सोडलेल्या मुलाचं जेवण ही त्याची एकट्याची अडचण नव्हे, तो शिक्षणाचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे. महाराष्ट्राला एकेकाळी ही गोष्ट पक्की माहीत होती.

आधी एका मुलाबद्दल सांगते. वय सव्वीस. उंच, सडसडीत, हातपाय काटकुळे, पोट मात्र किंचित पुढे आलेलं. माळकरी घरातला, त्यामुळे अंडं-मटण नाही. तक्रार दोनच गोष्टींची: पित्त होतं, आणि रात्री तळपायांना मुंग्या येतात. मी त्याला आदल्या दिवशी काय काय खाल्लं ते क्रमाने सांगायला सांगितलं. उठल्यावर चहा आणि क्रीमरोल. दहाला चहा. साडेबाराला मेस: चार पोळ्या, बटाट्याची रस्साभाजी, पातळ वरण, भात, काकडीच्या दोन चकत्या, लोणचं. चारला चहा. सहाला चहा आणि वडापाव. रात्री टेस्ट सिरीजचा पेपर सोडवत बसला आणि मेसची वेळ टळली. साडेअकराला गाडीवर शेजवान राईस खाल्ला. दीडला झोपला, साडेसहाला गजर. फळ शेवटचं कधी खाल्लं ते त्याला आठवेना. दूध फक्त चहातलं, कारण खोलीत फ्रिज नाही आणि घरमालक शेगडी ठेवू देत नाही. आई लाडू पाठवते, पण चौघांच्या खोलीत लाडवांचा डबा किती टिकणार?

तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी निघालं. उपाशीपोटीची साखर ११४ होती. शंभराच्या वर आणि १२६ च्या आत म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. तो हबकला. "मॅडम, मी तर एवढा बारीक आहे," म्हणाला. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते की आज त्याचं उत्तर सविस्तर द्यावं असं वाटतं. हे उत्तर शोधण्याचं मोठं काम पुण्यातच झालं आहे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक फोटो छापला. त्यात ते स्वतः आहेत आणि शेजारी लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंची-वजनाच्या गणिताने दोघं अगदी सारखे, दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला जे दिसत नाही ते त्या एका फोटोने जगाला दाखवलं. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या माणसातही स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, आणि ती चरबी पोटाभोवती साठते. याची सुरुवात जन्माआधीच होते. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं स्नायूंनी फार कमी भरली, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटी आलेलं हे शरीर. ते गावात वाढतं, शाळेत पायी जातं, शेतात राबतं तोवर निभावून नेतं. मग एक दिवस त्याला बारा-बारा तास खुर्चीत बसवलं जातं आणि चहा, मैदा, बटाटा, भात यांवर ठेवलं जातं. साखर चढायला चाळिशी यावी लागत नाही, ती याच वयात चढू लागते. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात मधुमेह असलेले १० कोटींहून जास्त आणि उंबरठ्यावर असलेले सुमारे साडेतेरा कोटी. त्या साडेतेरा कोटींत आपली मुलंही आहेत, हे आई-वडिलांनी लक्षात घ्यावं.

बी-१२ चीही तीच कथा. पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या तपासणीत जवळपास दोन तृतीयांश जणांमध्ये ते कमी आढळलं होतं. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं. शाकाहारी मुलाचं दूध-दही सुटलं की त्याचा पुरवठाच थांबतो. शरीरातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून गाव सोडल्यावर पहिल्या वर्षी काहीच जाणवत नाही. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाच्या वेळी मुंग्या, थकवा, वाचलेलं लक्षात न राहणं असं सुरू होतं आणि पोरगं समजतं की आपली बुद्धीच कमी पडते आहे. हे बघताना मला फार वाईट वाटतं. त्यावरचे उपचार साधे आणि स्वस्त आहेत, पण तपासणी करायला कुणी सांगतच नाही.

आता ताटाकडे येऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी त्यांचा हिशोब असा: धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम. मेसच्या ताटात धान्य या मापाच्या वर जातं आणि बाकी सगळं खाली. वरणाच्या वाटीत डाळ किती आहे, हे एकदा चमचा ढवळून बघा. ३० ग्रॅम डाळ घातली तर त्या वाटीतून सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. पाणी वाढवत नेलं की त्याच वाटीतून दोन ग्रॅमही मिळत नाहीत. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे साठ किलोच्या मुलाला पन्नास ग्रॅम. पोळ्या आणि भातातून त्यातली बरीच येतात, पण नुसत्या धान्याच्या प्रथिनात उणीव असते. ती डाळीने, कडधान्याने, दुधाने भरून निघते. आपल्या आज्यांनी भाकरीबरोबर पिठलं, उसळ, ताक यांची जी सांगड घातली, ती अगदी शास्त्रशुद्ध आहे.

पण मेस चालवणाऱ्या ताईंना दोष देऊन मी मोकळी होणार नाही. महिन्याला तीन-साडेतीन हजारांत दोन वेळचं जेवण, म्हणजे एका ताटाला पन्नास-साठ रुपये. त्यात गॅस, जागेचं भाडं, पोळ्या लाटणाऱ्या बाईचा पगार, आणि गावाकडे गेलेल्या मुलांचे खाडे. तूरडाळ महागली की वरण पातळ होणारच. रविवारी दुपारी फीस्ट असते आणि संध्याकाळी मेस बंद. त्या माउलीलाही आठवड्यातून अर्धा दिवस हवाच की! पण मग रविवारी रात्री हजारो मुलं एकाच वेळी गाड्यांवर जेवतात. मेसमध्ये भाकरी हवी असेल तर बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडतात. ज्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्या तालुक्यातली पोरं पुण्यात गव्हाच्या पोळ्या खातात, कारण भाकरी थापायला वेळ लागतो आणि थापणाऱ्या बायका मिळत नाहीत.

मुंबईच्या गिरणगावात हा प्रश्न एका वेगळ्या रूपात आला होता. गिरणी कामगार गावी कुटुंब ठेवून यायचे आणि खानावळवाल्या बायका त्यांना जेवू घालायच्या. त्या बायका सावकाराच्या व्याजात बुडलेल्या असत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, या बायकांना संघटित केलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. जेवणाची प्रत सुधारायची तर जेवण करणारीच्या हातात भांडवल हवं, हे त्यांना कळलं होतं. पुण्यातल्या मेसवाल्यांसाठी हे आजही व्हायला हवं. डाळ आणि कडधान्य घाऊक भावाने एकत्र घेतलं तर तेवढ्याच पैशांत वरण घट्ट होऊ शकतं.

आता आपल्या परंपरेबद्दल सांगते. १९०१ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला आधार दिला आणि पुढे जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग लावली. महाराजांना एक गोष्ट दिसत होती. खेड्यातल्या मुलाला शाळेत प्रवेश दिला तरी रात्री झोपायला छप्पर आणि दोन वेळा भाकरी नसेल, तर तो प्रवेश कागदावरच राहतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एकत्र बोर्डिंग सुरू केलं. मुलं काम करत, स्वयंपाकात हात लावत, एका पंगतीत जेवत. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. त्या माउलीने वहीला किंवा शाळेच्या इमारतीला पैसे कमी पडले म्हणून हे केलं नाही. पोरांच्या पानात वाढायला काही नव्हतं म्हणून केलं. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, तीही खेड्यांतून आलेल्या मुलांच्या राहण्या-जेवणाच्या प्रश्नातून. त्याही आधी पुण्यात मुलं वार लावून जेवली, माधुकरी मागून शिकली. त्यात अपमान होता, जातीची भिंत होती, ते दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. पण शिकणाऱ्याच्या पोटाची काळजी समाजाने घ्यायची असते, एवढी समज त्या काळी होती.

आज क्लासची फी लाखाच्या घरात जाते. अभ्यासिकेत एसी आहे, वायफाय आहे, लॉकर आहे, खुर्चीला उशी आहे. भिंतीवर पाटी आहे: 'आत खाद्यपदार्थ आणण्यास मनाई'. पुस्तकं खराब होऊ नयेत म्हणून ती असेलही. पण त्याच इमारतीत डबा उघडून बसायला दुसरी जागा नसते. मग मुलगा जिन्यात उभा राहून खातो, नाहीतर खातच नाही, चहा पिऊन परत येतो. शिकवण्याचा एवढा मोठा व्यवसाय उभा राहिला आणि त्यात स्वयंपाकघराला कुठेही जागा उरली नाही, याचा मला मनापासून राग येतो.

झोपेबद्दल थोडं विस्ताराने बोलते, कारण मुलं ती सगळ्यात आधी कापतात. शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये बारा निरोगी तरुणांवर प्रयोग झाला. दोन रात्री त्यांना चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी घटलं, भूक चेतवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि त्यांना ओढ लागली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. रात्री बाराला मुलाचे पाय गाडीकडे वळतात त्यामागे हे रसायन आहे. त्याच विद्यापीठाच्या १९९९ च्या प्रयोगात सहा रात्री चार-चार तास झोपलेल्या निरोगी तरुणांची साखर हाताळण्याची शरीराची क्षमता घसरली होती. वर दिवसभराचा चहा. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कॅफिनपैकी अर्धं रात्री अकराच्या सुमारास अजून रक्तात असतं. हल्ली मुलं चहाच्या जोडीला एनर्जी ड्रिंकचे डबे पितात, त्यात कॅफिनबरोबर साखरही असते. साध्या कोल्ड्रिंकच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पन्नास ग्रॅमहून जास्त साखर असते, म्हणजे दहा-बारा चमचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आत राहायला सांगते.

मुलींची गोष्ट आणखी अवघड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. मुलीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, मुलाला १९. पण मेसमध्ये तिला दोन पोळ्या पुरतात असं सगळे धरून चालतात, तीही तसंच धरते. रात्री उशीर झाला तर एकटीने गाडीवर जाणं टाळते आणि बिस्किटाचा पुडा खाऊन झोपते. जेवणाला लागूनच चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलं की ते जास्त शोषलं जातं. एवढी साधी माहिती त्यांना कुणी दिलेली नसते. माझ्याकडे चक्कर येते म्हणून आलेल्या मुलींचं हिमोग्लोबिन आठ-साडेआठ निघालेलं मी पाहते, आणि त्या परीक्षेच्या ताणाने असं होतं असं समजत असतात. मुलीला पुण्याला पाठवण्याआधी तिचं रक्त एकदा तपासा. नोट्सच्या झेरॉक्सला याहून जास्त पैसे जातात.

व्यायामाबद्दल फार बोलत नाही. पोलीस भरतीची मुलं १६०० मीटर धावतात, मुली ८०० मीटर, तीही पहाटे उपाशीपोटी. त्यांनी मैदानावर जाण्याआधी केळं किंवा मूठभर फुटाणे खावेत. मुख्य परीक्षेची मुलं मात्र वर्षानुवर्षं हलत नाहीत. स्नायू हलले की रक्तातली साखर ते स्वतःच ओढून घेतात, म्हणून जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालणं त्यांच्यासाठी सगळ्यात उपयोगी. मेसपासून अभ्यासिकेपर्यंत लांबच्या गल्लीने गेलं तरी काम होतं. जिममधल्या पावडरींच्या डब्यांबद्दल एवढंच सांगते: डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि त्या पैशांत दूध-अंडी आधी घ्या.

मग शेगडी नसलेल्या खोलीत करायचं काय? त्या सव्वीस वर्षांच्या मुलाबरोबर बसून आम्ही जे ठरवलं ते सांगते. खोलीत तीन बरण्या: भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, आणि घरून आलेली जवसाची किंवा कारळाची चटणी. रात्री मूठभर मटकी किंवा मूग भिजत घालायचे, सकाळी कपड्यात बांधायचे, दुसऱ्या दिवशी मोड आले की कांदा-लिंबू घालून क्रीमरोलच्या जागी खायचे. दुपारच्या मेसनंतर शेजारच्या डेअरीतून दह्याची वाटी. चार चहांचे दोन, शेवटचा चारच्या आत. एक केळं किंवा पेरू, जे मोसमात स्वस्त असेल ते. मेस दहाला बंद होते म्हणून टेस्टचा पेपर नऊपर्यंत संपवायचा किंवा जेवून आल्यावर सुरू करायचा. ताट वेळापत्रकात लिहायचं, राज्यशास्त्राच्या आणि अंकगणिताच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत. बारापूर्वी दिवा बंद. बी-१२ ची इंजेक्शनं मी दिली. काही महिन्यांनी त्याच्या पायांच्या मुंग्या गेल्या आणि साखर शंभराच्या आत आली. परीक्षेचा निकाल काय लागेल ते मला सांगता येणार नाही. पण तो अभ्यासाला बसतो तेव्हा शरीर त्याच्या बाजूने असतं.

आई-वडिलांना एक विनंती. फोनवर 'अभ्यास कसा चाललाय' विचारण्याआधी 'आज काय जेवलास' विचारा, आणि उत्तर नीट ऐकून घ्या. 'जेवलो' एवढंच उत्तर आलं तर पुढे विचारा. लाडू पाठवताना चौघांचे पाठवा. शेजारच्या गावच्या पोरानेही ते खाल्लेले चांगले. आणि पैसे पाठवताना दुधाचे वेगळे धरा, कारण मुलं घरची तंगी ओळखून पहिली काटकसर पोटात करतात.

शेवटची गोष्ट या गावाची. तुमच्या वाचनालयाची अभ्यासिका मी दुपारी पाहिली. जागा भरलेल्या होत्या, आजूबाजूच्या वाड्यांवरून मुलं सायकलवर आणि एसटीने येतात असं ग्रंथपाल म्हणाले. ती सकाळी येतात ती संध्याकाळीच परततात. मागच्या बाजूला एक खोली जुन्या वर्तमानपत्रांनी भरली आहे. ती रिकामी करून तिथे बाकं, पिण्याचं पाणी आणि हात धुवायला नळ एवढं केलं, तर डबा खायची सोय होईल. ज्यांना डबा आणता येत नाही त्यांच्यासाठी दुपारी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ आणि ताक देता येईल का, याचा ढोबळ हिशोब मी व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांकडे दिला आहे. तो बसतो आहे. बचत गटाच्या ताई आज इथे आल्या आहेत. ताई, सभा संपली की जाऊ नका, आपण मागच्या खोलीत बसू आणि उसळीला रोज किती कडधान्य लागेल ते ठरवू.